गेमच्या अटी बदलल्या? 'मान्य' दाबायच्या आधी जुनी प्रत काढा

नमस्कार मंडळी. सध्या कमेंटमध्ये फिरून फिरून एकच प्रश्न येतोय. गेम उघडला, मेन मेनू यायच्या आधीच एक चौकोन समोर आला. 'आमच्या सेवाशर्ती बदलल्या आहेत.' खाली संपता न संपणारा मजकूर आणि तळाला 'मान्य'चं बटण. दाबू की नको?

सरळ उत्तर देतो. तो गेम खेळायचा असेल तर दाबावंच लागतं. 'हे कलम सोडून बाकी सगळं मान्य' असा पर्याय तिथे नसतो. पण दाबायच्या आधी करायची एक गोष्ट आहे, आणि ती जवळपास कुणीच करत नाही. आजचा व्हिडिओ त्या एका गोष्टीसाठी आहे.

प्राथमिक गोष्टी भराभर उरकतो, कारण तुमच्यातल्या बहुतेकांना त्या माहीत आहेत. ऑनलाइन गेम विकत घेतला म्हणजे तुमच्या हाती लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी येते, गेम येत नाही. 'द क्रू' हा रेसिंग गेम आठवतोय ना? २०१४ साली आला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले, आणि नंतर लोकांच्या लायब्ररीतून त्याचं लायसन्सही काढून घेतलं गेलं. पैसे मोजून घेतलेला गेम, एकट्याने खेळायचा म्हटला तरी सुरू होईना. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. पुढे कॅलिफोर्नियात कायदाच झाला, १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. डिजिटल वस्तू विकताना हे फक्त लायसन्स आहे असं ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन स्टोअरच्या कार्टमध्ये ती ओळ त्याच्या आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये आली.

दुसरं, पब्लिशरला, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीला, अटी बदलता येतात, कारण पहिल्या दिवशी तुम्ही जे मान्य केलं त्यातच 'आम्ही या अटी बदलू शकतो' असं कलम असतं. तिसरं, अटी एकाच कागदात नसतात. गेमचं लायसन्स वेगळं, सेवाशर्ती वेगळ्या, प्रायव्हसी पॉलिसी वेगळी, खेळाडूंची आचारसंहिता वेगळी, आणि ज्या स्टोअरमधून गेम घेतला त्याच्या अटी आणखी वेगळ्या. झालं. चला पुढे.

आता मुद्द्याचं. नवीन अटी पहिल्या ओळीपासून वाचत बसू नका. खरंच सांगतोय, नका वाचू. जुनी प्रत काढा, नवीन प्रत काढा, दोन्ही शेजारी ठेवा, आणि जे बदललंय तेवढंच वाचा.

मी हे इतकं ताणून का सांगतोय? मागे माझ्या पुतण्याचा फोन आला. "काका, आता मॉड वापरले की अकाउंट बॅन. नवीन नियम आलाय, आमच्या ग्रुपवर सगळे मॉड काढतायत." मॉड म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या, खेळाडूंनीच बनवलेल्या फाइल. त्याने दोन वर्षं जमवलेले सगळे मॉड उडवायला घेतले होते. मी म्हटलं, थांब जरा. दोघांनी स्क्रीन शेअर केली, आदल्या वर्षीची प्रत उघडली. मॉडचं कलम जसंच्या तसं तिथे होतं. स्वल्पविरामही हललेला नव्हता. मग बदललं काय होतं? पार खाली, व्हर्च्युअल चलनाच्या भागात एक नवीन वाक्य होतं. बराच काळ लॉगिन केलं नाही तर शिल्लक कॉइन रद्द होतील. आणि त्याच्या जुन्या, दुसऱ्या अकाउंटवर विकत घेतलेले कॉइन तसेच पडून होते! म्हणजे ग्रुपवर जे पेटलं होतं ते जुनं, आणि ज्याने याचं नुकसान होणार होतं त्याबद्दल अवाक्षर नाही.

मला राग येतो तो याच गोष्टीचा. कुणीतरी नवीन अटींमधल्या एका भीतीदायक परिच्छेदाचा स्क्रीनशॉट काढतं, लाल गोल करतं, 'बघा आता काय आणलंय' असं लिहितं आणि हजारो लोक तो पुढे ढकलतात. ते कलम कालही होतं का, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही.

याचं मोठं उदाहरण २०२५ सालचं. टेक-टू कंपनीने फेब्रुवारीच्या शेवटी आपल्या सेवाशर्ती अपडेट केल्या. मे महिन्यात अचानक व्हिडिओ फिरायला लागले की कंपनी गेममधून स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर घालतेय, आणि 'बॉर्डरलँड्स २' या तिच्याच कितीतरी जुन्या गेमवर स्टीमवर नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस पडला. कंपनीने सांगितलं की आमच्या गेममध्ये स्पायवेअर नाही. त्या अटी आमच्या सगळ्या गेमना आणि सेवांना मिळून लिहिलेल्या आहेत, त्यातली प्रत्येक गोष्ट प्रत्येक गेमला लागू होत नाही. आता कंपनीच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. शंका घ्या, जरूर घ्या. पण शंका घेणाऱ्या किती जणांनी फेब्रुवारीआधीची प्रत उघडून दोन्ही ताडून बघितल्या? एवढी ताकद लावायची तर ती नेमक्या बदललेल्या ओळीवर लावा ना. आज जुन्या कलमावरून ओरडा केला की उद्या खरंच वाईट बदल येतो तेव्हा लोक म्हणतात, 'हे दरवेळचंच आहे.'

आता कृती दाखवतो.

[स्क्रीनवर: ब्राउझर]

गेमच्या अटींचं पान उघडा. वर किंवा तळाशी 'शेवटचा बदल' म्हणून तारीख असते, ती टिपून घ्या. पानाचा पत्ता कॉपी करा. आता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जा आणि तो पत्ता तिथे टाका. कॅलेंडर येईल. ज्या तारखांवर गोल आहेत त्या दिवशी त्या पानाची प्रत साठवलेली आहे. तुमच्या बदलाच्या तारखेआधीचा सगळ्यात जवळचा गोल निवडा. मजकूर कॉपी करा. नवीन पानाचाही करा. वर्डमध्ये आणि गूगल डॉक्समध्ये दोन कागदांची तुलना करायची सोय आहे, ती चालवा. काढलेलं आणि घातलेलं वेगवेगळं उठून दिसतं. वीस पानांच्या मजकुरात दहाबारा ठिकाणी रंग दिसेल, त्यातलेही निम्मे पत्ता बदलला, क्रमांक बदलला असले. वाचायला उरतात चारपाच परिच्छेद.

इथे एक खोच आहे आणि बहुतेक लोक नेमके इथेच अडकतात. 'सर, तुमच्या पद्धतीने केलं तर सगळंच बदललेलं दिसतं' अशा कमेंट मला याआधीच्या व्हिडिओवर बऱ्याच आल्या. मंडळी, मोठ्या पब्लिशरची अटींची पानं देशानुसार बदलतात. तुम्ही ब्राउझरमध्ये उघडता तेव्हा तुमच्या देशाची आवृत्ती येते. आर्काइव्हने जी प्रत साठवली ती बऱ्याचदा अमेरिकेची असते. म्हणजे तुम्ही दोन काळांची तुलना न करता दोन देशांची तुलना करता! मग लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी मध्यस्थाकडे सोडवायचं, आख्खं प्रकरण 'नवीन' किंवा 'गायब' दिसतं आणि तुम्ही घाबरता. म्हणून दोन्ही प्रती एकाच देशाच्या आणि एकाच भाषेच्या घ्या. पानाच्या पत्त्यात देशाचा किंवा भाषेचा कोड असतो, तो दोन्हीकडे सारखा आहे का ते आधी बघा. नसेल, तर सोपा उपाय म्हणजे आजची प्रतही आर्काइव्हमधूनच घ्या, मग दोन्ही बहुधा एकाच ठिकाणच्या निघतात. ते बदल तुमच्या देशाच्या आवृत्तीतही आहेत का, एवढं मग चालू पानावर शोधून बघायचं.

रंगीत ओळींमध्ये सगळ्यात आधी कुठे बघायचं? व्याख्यांच्या भागात. तो कंटाळवाणा असतो म्हणून सगळे उडी मारून पुढे जातात. समजा, आधी 'सेवा' म्हणजे फक्त गेम होता आणि आता त्यात लाँचर (गेम सुरू करणारा प्रोग्राम), वेबसाइट, व्हॉइस चॅट आणि अँटी-चीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं) सॉफ्टवेअर जोडलं. पुढचं एकही कलम बदललेलं नाही, तरी 'सेवेचा वापर आम्ही तपासू शकतो' या जुन्याच वाक्याचा पसारा केवढा वाढला बघा. आता हे तुलनेशिवाय कसं कळणार? नवीन प्रत कितीही मन लावून वाचा, ते वाक्य तुम्हाला आधीसारखंच दिसेल.

व्हॉइस चॅटवरून आठवलं. २०२१ मध्ये रायट गेम्सने प्रायव्हसी नोटीस आणि सेवाशर्ती बदलल्या आणि आपल्या 'व्हॅलोरंट' या गेममध्ये शिवीगाळीच्या तक्रारी तपासण्यासाठी आवाज रेकॉर्ड करण्याची तरतूद केली. प्रत्यक्ष रेकॉर्डिंग सुरू व्हायला त्यानंतर वर्षाहून जास्त काळ गेला. अटीत आलं म्हणजे त्याच दिवसापासून होतं असं नाही, हेही लक्षात घ्या. हा हेतू मला पटतो. व्हॉइस चॅटवर मुलींना काय काय ऐकावं लागतं हे मी ऐकलेलं आहे.

'एआयला विचारलं, त्याने सगळं सांगितलं' असं लिहिणारेही बरेच आहेत. काय विचारलं? नवीन अटी चिकटवल्या आणि म्हणालात, 'यात धोकादायक काय आहे?' त्याने यादी दिली. अकाउंट कधीही बंद करू शकतात, तुम्ही बनवलेल्या गोष्टी वापरू शकतात, डेटा गोळा करतात. अहो, ही यादी जवळपास कुठल्याही ऑनलाइन गेमची निघेल, दहा वर्षांपूर्वीचीसुद्धा! जुनी प्रत दिलीच नाही तर बदल सांगणार कसा तो? दोन्ही प्रती द्या, फक्त फरक विचारा, आणि त्याने दाखवलेलं प्रत्येक वाक्य मूळ पानावर शोधून खात्री करा.

आता हीच गोष्ट उलट बाजूने बघू. कधीकधी जुनी प्रतच तुमच्या कामाला येते. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने, म्हणजे ज्या इंजिनवर ढीगभर गेम बनतात त्या कंपनीने, प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावायचं जाहीर केलं. डेव्हलपर खवळले. त्यातल्या काहींना आठवलं की कंपनीच्या जुन्या अटींमध्ये एक तरतूद होती. इंजिनची जी आवृत्ती वापरताय तिच्याच अटींवर राहता येईल. आणि कंपनीने गिटहब या कोड साठवायच्या साइटवर अटींच्या बदलांचा जो सार्वजनिक इतिहास ठेवला होता, तो काढून टाकलेला होता. पण जुन्या प्रती लोकांकडे होत्या, त्यांनी त्या पुढे केल्या. काही दिवसांतच कंपनीला धोरण बदलावं लागलं, आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ते शुल्क पूर्ण रद्द झालं. गेम बनवणारेच त्यात खेचले गेले होते, म्हणून बातमी मोठी झाली. खेळाडूंच्या बाबतीत एवढं कुणी लक्ष ठेवत नाही. आपली प्रत आपणच ठेवायची. आज 'मान्य' दाबलंत, तर आजच ते पान पीडीएफ करून ठेवा. पुढच्या वेळी आर्काइव्ह शोधावं लागणार नाही.

बदल दरवेळी वाईटच असतो असंही नाही. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस स्टीमने आपला करार बदलला. तोपर्यंत वाद झाला तर लवादाकडे जाण्याची सक्ती होती, एकत्रित दावा करता येत नव्हता. ती सक्तीच काढून टाकली आणि वाद न्यायालयात नेता येतील असं केलं. कंपनीने ईमेलही पाठवला होता. तरी मला 'स्टीमने काहीतरी वाईट केलं वाटतं' असे मेसेज आले, कारण लोकांनी करारात लवाद, दावा, न्यायालय एवढंच वाचलं. काय काढलं गेलं ते नवीन प्रतीत कसं दिसणार?

उलट, जिथे लवादाची सक्ती नव्याने आली असेल तिथे तारखेला फार महत्त्व आहे. बऱ्याच अमेरिकी पब्लिशरच्या अटींत अशी सोय असते की अटी मान्य केल्यापासून ३० दिवसांत लेखी कळवलं तर ते कलम तुम्हाला लागू होत नाही. अकाउंट चालू राहतं, गेम चालू राहतो. पण ही सोय त्याच कलमाच्या शेवटी कुठेतरी दडलेली असते आणि मुदत 'मान्य' दाबल्याच्या दिवसापासून मोजतात. म्हणून बटण दाबतानाचा स्क्रीनशॉट ठेवा, तारीख दिसेल असा. कळवायचा पत्ता त्याच कलमात असतो. अकाउंटचं नाव, नोंदवलेला ईमेल आणि 'मला लवादाचं कलम मान्य नाही' एवढं पुरतं, पण पत्रच हवंय की ईमेल चालतो ते वाचून घ्या.

एक प्रश्न नेहमी येतो, 'या अटी कोर्टात टिकतात का?' प्रत्येक टिकतेच असं नाही. 'सेकंड लाइफ' या ऑनलाइन आभासी जगातली जमीन आणि अकाउंट गमावलेल्या ब्रॅग नावाच्या खेळाडूच्या खटल्यात २००७ साली अमेरिकेच्या न्यायालयाने लवादाचं कलम फारच एकतर्फी आहे म्हणून लागू करायला नकार दिला. नंतर ते प्रकरण तडजोडीत मिटलं. पण एवढ्यावर विसंबून, 'कोर्टात टिकत नाही' म्हणत काहीही मान्य करत सुटू नका. खटला लढायला वेळ, पैसा आणि वकील लागतो.

शेवटचा प्रश्न, मान्यच नसेल तर? मग बटणाला हात लावायच्या आधी तीन कामं करा. एक, खरेदीच्या पावत्या आणि शिल्लक चलनाचे स्क्रीनशॉट स्टोअरच्या वेबसाइटवरून घ्या, कारण गेम आता तुम्हाला आत घेणार नाही. दोन, प्रायव्हसीच्या पानावरून तुमच्या डेटाची प्रत मागवा. तीन, सपोर्टला लिहा की बदललेलं अमुक कलम मला मान्य नाही, न वापरलेल्या चलनाचे पैसे परत हवेत. मिळतीलच अशी खात्री नाही, नियम देशागणिक वेगळे आहेत. पण तक्रारीत जुनं वाक्य आणि नवीन वाक्य शेजारी शेजारी लिहून पाठवलंत, तर निदान 'अटी वाचा' असं ठोकळेबाज उत्तर देऊन तुम्हाला परत पाठवणं अवघड होतं.

तुमच्या गेमच्या अटी बदलल्या असतील तर कमेंटमध्ये गेमचं नाव, देश आणि पानावरची 'शेवटचा बदल' ही तारीख लिहा. नुसता स्क्रीनशॉट नको. ज्या गेमची मागणी सगळ्यात जास्त असेल, त्याच्या दोन्ही प्रती पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर लावून ओळीने ओळ बघू.