प्रतिरोध सारखा, पण स्ट्रेन एकच का?

एका वॉर्डातल्या पाच रुग्णांच्या नमुन्यांत मेरोपेनेम या प्रतिजैविकाला दाद न देणारे ई. कोलाय जिवाणू वाढले, असं समजा. एकच स्ट्रेन (एकाच पूर्वजापासूनचा जिवाणूंचा वाण) पसरतोय असं म्हणण्याचा मोह होतो. पण प्रतिरोधाचं जनुक बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्रापासून वेगळ्या छोट्या डीएनएवर, असतं, आणि प्लाझ्मिड एका स्ट्रेनमधून दुसऱ्यात सहज जातं. उलट, एकाच स्ट्रेनमधल्या एखाद्या पेशीने प्लाझ्मिड गमावलं तर कोणतं औषध लागू पडतं याचा (संवेदनशीलतेचा) तक्ता पार बदलतो. म्हणून टायपिंग, म्हणजे स्ट्रेनची ओळख पटवणं, गुणसूत्रावरून करायचं.

पल्स्ड-फील्ड जेलपासून सुरुवात करू: यात डीएनए कापून त्याचे मोठे तुकडे दिशा बदलणाऱ्या विद्युत्क्षेत्रात आकारानुसार वेगळे करतात. आज ती मागे पडली आहे, पण डीएनए कुठे बिघडतो हे तिच्याइतकं डोळ्यांना काहीच दाखवत नाही. पेशींचं द्रावण 610 नॅनोमीटरला साधारण 1.35 शोषकतेवर आणा. 400 मायक्रोलिटर द्रावणात 20 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं प्रोटिनेज-के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) 20 मायक्रोलिटर घाला आणि 55 अंशांवर ठेवलेलं 1 टक्का अगारोज (थंड झाल्यावर गोठणारं जेल) तितक्याच आकारमानाने मिसळून प्लग, म्हणजे छोटे ठोकळे, ओता. हळू मिसळा, बुडबुडा राहिला की प्लग तिथेच तुटतो. पेशी फोडण्याचं काम प्लग घट्ट झाल्यावर होतं, म्हणूनच लांबलचक डीएनए अखंड राहतो.

त्यानंतरच्या धुण्यात घाई होते आणि तिथेच घोळ होतो. 50 अंशांच्या पाण्याने दोनदा, टीई बफरने चारदा, दर वेळी किमान 10 मिनिटं. प्रोटिनेज मागे उरलं तर ते डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या एक्सबीए-वन एन्झाइमलाच खातं. कापणी अर्धवट होते आणि मोठ्या तुकड्यांच्या भागात फिकट, फसवे पट्टे उमटतात. असे पट्टे मोजायचे नाहीत, कापणी पुन्हा करायची.

जेल 14 अंशांवर, 6 व्होल्ट प्रति सेंटिमीटर, 120 अंशांच्या कोनात, 2.2 ते 54.2 सेकंदांच्या बदलत्या स्पंदनांवर 18 तासांच्या आसपास चालते. एखाद्याच स्ट्रेनचा रांगभर धूसर पट्टा येत असेल, तर प्लग पुन्हा बनवण्याआधी जेलच्या बफरमध्ये 50 मायक्रोमोलर थायोयुरिया घालून पाहा. बफरमधल्या ट्रिस या रसायनापासून तयार होणारे मुक्त मूलक काही स्ट्रेनचा डीएनए जेलमध्येच तोडतात.

पट्ट्यांच्या वाचनासाठी संशोधक टेनोव्हर यांचे 1995चे निकष: दोन-तीन पट्ट्यांचा फरक म्हणजे जवळचं नातं, चार ते सहा म्हणजे कदाचित नातं, सात किंवा अधिक म्हणजे वेगळे. हे निकष थोड्या काळातल्या, मोजक्या नमुन्यांसाठी आहेत. वर्षानुवर्षांच्या संग्रहाला ते लावणं चूकच.

एमएलएसटी (मल्टिलोकस सीक्वेन्स टायपिंग) या पद्धतीत सात ठरावीक जनुकांचा डीएनए-क्रम वाचतात. प्रकाराचा (एसटी) आकडा सुटसुटीत मिळतो, पण उद्रेकासाठी चाळणी जाड पडते: ई. कोलायचा एसटी131 जगभर आहे, तेव्हा दोघांत तो सापडला एवढ्याने संसर्ग एकमेकांकडून आला असं ठरत नाही.

संपूर्ण जिनोमवाचन बारीक फरक पकडतं. मात्र एकाच वसाहतीतून पुन्हा शुद्ध वाढवलेला जिवाणूच घ्या. भेसळ खोटे एसएनपी (डीएनएतल्या एकेका अक्षराचे फरक) दाखवते. आणि प्रश्न प्लाझ्मिडचा असेल तर नुसते आखूड रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) पुरत नाहीत. आयएस26सारख्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या डीएनए-तुकड्यांपाशी रीड्सची जोडणी तुटते आणि प्रतिरोध-जनुक प्लाझ्मिडवर की गुणसूत्रावर, हे कळेनासं होतं. तिथे लांब रीड्सही घ्यावे लागतात.