गाडी येते, आवाज येत नाही

मंडळी, विनाआवाज येणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्या हा आजचा विषय ठरला तेव्हा संघातल्याच एका काकांनी मला विचारलं, "गोंगाट कमी करा म्हणून इतकी वर्षं आपणच ओरडतोय, मग आता तक्रार कसली?" प्रश्न रास्त आहे. गोंगाट कमी व्हायलाच हवा. पण कमी होताना नेमका कुठला आवाज जातो आणि कुठला राहतो, हे बघायला हवं.

धावत्या गाडीचा आवाज मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो. एक इंजिन, दुसरा टायर आणि रस्ता. कार ताशी तीसेक किलोमीटरच्या पुढे गेली की टायरचा आवाज वरचढ होतो, त्यामुळे हायवेवर पेट्रोलची काय न् इलेक्ट्रिक काय, कानाला फारसा फरक कळत नाही. फरक पडतो तो हळू चालताना. सिग्नल सुटताना, गल्लीच्या वळणावर, आणि सगळ्यात जास्त सोसायटीच्या पार्किंगमधून रिव्हर्स येताना. तुम्ही भाजीची पिशवी घेऊन गाडीच्या मागून चाललेले असता आणि ती सरकायला लागल्याचं कळतच नाही. ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७ या काळातल्या अपघातांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. सारख्याच अंतरामागे इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांची पादचाऱ्यांना धडक बसण्याचं प्रमाण पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या सुमारे दुप्पट निघालं. शहरांत फरक मोठा होता, ग्रामीण भागात तो दिसला नाही.

दृष्टिहीन माणूस रस्ता कसा ओलांडतो, कधी नीट पाहिलंय? तो कडेला थांबून ऐकत असतो. समोरून आडवी जाणारी वाहतूक थांबली आणि त्याच्या बाजूची, त्याच्याच दिशेने जाणारी वाहतूक सुटली, की तो निघतो. सरळ चालण्याची रेषाही तो त्याच आवाजावरून धरतो. सुटणाऱ्या गाड्याच मुक्या झाल्या तर त्याचा सिग्नलच गेला.

म्हणून युरोपात २०१९ च्या जुलैपासून नव्या मॉडेलना आणि २०२१ पासून सगळ्याच नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना कृत्रिम आवाज सक्तीचा झाला. ताशी वीस किलोमीटरपर्यंत आणि रिव्हर्समध्ये. वीसच्या वेगाला तो किमान ५६ डेसिबल हवा, म्हणजे साधारण आपल्या बोलण्याइतका, आणि वेग वाढला की त्याची पट्टी चढली पाहिजे. आवाजात खालच्या पट्टीचा अंशही लागतो, कारण वय झालं की आधी वरच्या पट्टीचं ऐकू येईनासं होतं. इथे बसलेल्यांना हे मी सांगायला नको. सुरुवातीला हा आवाज बंद करायचं बटण ठेवायला मुभा होती, ती नंतर काढून टाकली. बरं केलं.

आता रस्त्याकडे वळतो, कारण याच्यावर कोणी बोलत नाही. वीसच्या पुढे टायरचा आवाज पुरेल, असं या नियमात गृहीत धरलंय. पण तो पृष्ठभागावर अवलंबून असतो. तीच स्कूटर पेव्हर ब्लॉकवर खडखडत येते, आडवे चरे मारलेल्या काँक्रीटवर घरघरते, आणि नव्या गुळगुळीत डांबरावर अंगावर येईपर्यंत समजत नाही. नेदरलँड्समध्ये मोटरवेवर सच्छिद्र डांबर वापरतात. टायरखाली दाबली जाणारी हवा छिद्रांत जिरते आणि आवाज उतरतो. तिथे ते शोभतं, मोटरवेवर माणसं चालत नाहीत. आपल्याकडे ती छिद्रं धुळीने बुजतील हा भाग वेगळा.

आपल्या केंद्र सरकारनेही २०२५ साली मसुदा काढला: इलेक्ट्रिक कार, बस आणि मालवाहू गाड्यांची नवी मॉडेल ऑक्टोबर २०२६ पासून आवाजासह. दुचाकी त्यात नाही! आणि आपल्या गल्ल्यांत उलट दिशेने, विनाआवाज येते ती दुचाकीच. देशात २०२२ साली रस्त्यावर ३२,८२५ पादचारी मेले. त्यातले शांत गाड्यांनी किती हे त्या आकड्यावरून कळत नाही, पण आधीच एवढी माणसं मरतात तिथे कानाचा आधारही काढून घेणं मला पटत नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे हॉर्न आहेच की. हॉर्नवरून मागच्याला घाई आहे एवढंच कळतं. गाडी किती लांब आहे, कुठल्या वेगाने येतेय, जवळ येतेय की लांब चाललीय, हे सलग आवाजावरून कळतं. शिवाय दहा हॉर्न एकदम वाजत असतील तर ५६ डेसिबलचा तो गरीब आवाज ऐकणार कोण? तेव्हा मसुद्याबरोबर हॉर्नचंही बघावं लागेल, आणि दुचाकी वगळण्याचं कारण आपण विचारायला हवं. तोवर सोसायटीच्या सभेत एवढं मांडा: पार्किंगच्या रॅम्पवर चाक वाजेल अशी खडबडीत पट्टी बसवून घ्या आणि रिव्हर्स बाहेर काढण्याऐवजी गाड्या आत लावतानाच तोंड बाहेर करून लावायला सांगा.