पायांना पाणी देणाऱ्या बाया

[दृश्य: धुळीची वाट, चामड्याच्या वहाणांतले पाय]

पहिल्या शतकातला गालील, येशूचा मुलूख. वाटा मातीच्या, वहाणा उघड्या. चालून आलेल्या माणसाला जेवणाआधी हवं असायचं ते पाय धुवायला पाणी. त्याच्याही कितीतरी आधी, बायबलातल्या कथेत, ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याने तंबूच्या दारातून तीन अनोळखी माणसं पाहिली, तेव्हा भाकरीच्याही आधी त्याने पाणी देऊ केलं होतं.

पाणी देऊ करणं हा यजमानाचा मान. पण दुसऱ्याचे पाय हातात धरून धुणं हे काम गुलामाचं, नाहीतर बाईचं. पुढे राजा झालेल्या दावीदाकडून लग्नाची मागणी आली, तेव्हा अबीगईल जमिनीपर्यंत लवून म्हणाली, मी धन्याच्या सेवकांचे पाय धुणारी दासी होईन. ज्यू परंपरेने इब्री, म्हणजे ज्यू गुलामाला या कामातून सूट दिली. बायकोच्या कामांत मात्र नवऱ्याचे पाय धुणं धरलेलंच राहिलं.

[दृश्य: मेजाभोवती रेललेले पाहुणे]

आता लूकच्या शुभवर्तमानातलं, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या कथेतलं, शिमोन परुश्याचं घर पाहा. परुशी म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे ज्यू. पंगत बसली आहे, म्हणजे खरं तर रेलली आहे. डावा कोपर टेकलेला, तोंड मेजाकडे, पाय मागे पसरलेले. म्हणून मागून आलेल्या बाईला येशूचे पायच आधी लागतात. गाव तिला पापी म्हणून ओळखतं. तिचे अश्रू त्या पायांवर पडतात, ती ते केसांनी पुसते, सुगंधी तेल लावते. यजमान मनातल्या मनात नाक मुरडतो. येशू त्याला एकेक गोष्ट दाखवून देतो: मी तुझ्या घरी आलो, तू पायांना पाणी दिलं नाहीस, हिने अश्रूंनी पाय भिजवले. पाहुणचारात कमी पडला घरचा मालक, आणि तो पुरा केला न बोलावलेल्या बाईने.

लूक तिचं नाव सांगत नाही. इ.स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात ही बाई म्हणजेच मग्दालीया मरिया, असं ठरवून टाकलं. येशूच्या पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगणाऱ्या मरियेच्या माथी त्यामुळे शतकानुशतकं बदनामी बसली. हा तिच्यावर झालेला अन्यायच आहे.

वल्हांडण हा ज्यूंचा सण सहा दिवसांवर आलेला असताना बेथानीत आणखी एक जेवण झालं. मार्था वाढत होती. तिची बहीण मरिया (ही मग्दालीया नव्हे) जटामांसीचं तेल घेऊन आली आणि तिने ते येशूच्या पायांवर ओतलं. जटामांसी हिमालयात उगवते. तिथून ती यहूदियापर्यंत पोचायची, म्हणून मोलही तसंच. येशूचा शिष्य यहूदा इस्कार्योत म्हणाला, हे ३०० दिनारांना विकलं गेलं असतं. मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार होती. येशूने उत्तर दिलं, तिला असू दे.

त्यानंतर काही दिवसांतच तो स्वतः जेवणावरून उठला, अंगावरचं वस्त्र काढून ठेवलं, कमरेला रुमाल बांधला, भांड्यात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. पेत्र म्हणाला, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. त्याची घालमेल समजण्यासारखी आहे. गुरू गुलामांचं आणि बायकांचं काम करत होता. हे दोन प्रसंग शेजारी ठेवूनच वाचायला हवेत: मरियेने जे आधी केलं, तेच येशूने पुढे शिष्यांना करायला सांगितलं.

[दृश्य: घरातली प्रार्थनासभा, दिव्याचा उजेड]

पहिली मंडळी, म्हणजे ख्रिस्ती लोकांची सभा, घराघरांत भरायची, त्यामुळे घर उघडणाऱ्या बाईच्या शब्दाला वजन आलं. फिलिप्पैत जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया ख्रिस्ती प्रचारक पौलाला आग्रहाने आपल्या घरी घेऊन गेली. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिने आपल्याला आणि कित्येकांना आधार दिला, असं पौल स्वतः लिहितो. पाहुणचाराला नियमही होते. ‘दिदाखे’ या जुन्या ग्रंथात म्हटलं आहे, फिरता प्रेषित आला तर एक दिवस ठेवा, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा.

बायबलातल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीतल्या विधवांच्या यादीची अट आहे: वय ६० च्या खाली नको, आणि तिने परक्यांना घरी ठेवून घेतलेलं असावं, पवित्र जनांचे, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धावंतांचे, पाय धुतलेले असावेत. बाईने शिकवू नये, हेही त्याच पत्रात बजावलेलं आहे. सन्मान आणि बंधन असं एकाच पानावर होतं.

इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा रोमन अधिकारी प्लिनी याने ख्रिस्ती लोकांची चौकशी करताना दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्यांना सेविका म्हणत, असं त्याने सम्राट ट्राजानला कळवलं. समाजात गुलाम असलेल्या या बायांकडे मंडळीत पद होतं.

इ.स. २०० च्या आसपास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन विचारतो: कोणता बिगरख्रिस्ती नवरा आपल्या बायकोला हुतात्म्याच्या बेड्यांचे मुके घ्यायला तुरुंगात जाऊ देईल? पवित्र जनांच्या पायांना पाणी देऊ देईल? बायकोचं म्हणून ठरलेलं काम आता तिला नवऱ्याच्या उंबरठ्याबाहेर नेत होतं, आणि नवऱ्यांना खुपत होतं तेच.

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून चर्चमध्ये पवित्र गुरुवारी पाय धुतात. कॅथलिक चर्चच्या १९५५ च्या नियमांत त्यासाठी फक्त पुरुष निवडायचे होते. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहात १२ जणांचे पाय धुतले, त्यांत दोन मुली होत्या. २०१६ मध्ये त्यांनी नियमच बदलला. २०२४ मध्ये रोममधल्या रेबिबिया तुरुंगात, व्हीलचेअरवर बसून, त्यांनी ज्या १२ कैद्यांचे पाय धुतले त्या सगळ्या स्त्रिया होत्या.