'कॉकेशियन' म्हणजे नक्की कोण? कोर्टाने तीन महिन्यांत उत्तर फिरवलं

नमस्कार मंडळी! एमपीएससी-यूपीएससीवाल्यांना निग्रिटो, प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड, मंगोलॉइड ही भारतातल्या वंशांची यादी झोपेतून उठवलं तरी पाठ असते, आणि परदेशी मेडिकल पेपर चाळणाऱ्यांना 'कॉकेशियन पेशंट' हमखास भेटतो. आज त्या कॉकेशियनची कुंडली काढू.

जर्मनीत ग्योटिंगेनला योहान ब्लूमेनबाख नावाचे प्रोफेसर होते, कवट्या जमवायचा प्रचंड नाद. १७९५ साली त्यांनी माणसांचे पाच प्रकार मांडले, कॉकेशियन, मंगोलियन, इथिओपियन, अमेरिकन आणि मलय. आता युरोपातल्या गोऱ्यांना काळ्या समुद्राजवळच्या कॉकेशस पर्वताचं नाव का? तर त्यांच्या मते तिकडचे, म्हणजे जॉर्जियातले (तिथला देश, अमेरिकेतलं राज्य नव्हे) लोक सगळ्यात सुंदर, आणि संग्रहातली सगळ्यात देखणी कवटीही एका जॉर्जियन बाईची! बस, एवढ्यावर नाव पडलं. बरं, हा माणूस स्वतः म्हणत होता की हे प्रकार एकमेकांत मिसळत जातात, मध्ये रेघ मारता येत नाही. पण पुढच्यांनी ते सोडलं आणि नावं तेवढी उचलली.

आता अमेरिकेत चला. तिथे १७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व फक्त 'गोऱ्या' माणसाला मिळायचं (नंतर आफ्रिकन वंशाच्यांना पण). नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सुप्रीम कोर्ट म्हणालं, गोरा म्हणजे कॉकेशियन, तू नाहीस, सॉरी. झालं, पंजाबचे भगतसिंग थिंड, जे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, ते म्हणाले की तुमच्याच शास्त्रज्ञांच्या हिशोबाने उत्तर भारतातला मी कॉकेशियन आहे, आता द्या. (उच्च जातीचा असल्याचा मुद्दाही त्यांनी लावला होता बरं का, ते मला तरी खटकतं.) फेब्रुवारी १९२३, तेच कोर्ट, निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पण तेच, सदरलँड, आणि आता म्हणतात की शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा!

मग सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांचे कागद रद्द करायला सुरुवात केली. त्यात थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही केस झाली. त्यांनी वंशाचा वादच टाळला. मुद्दा असा की तुम्ही १९१४ ला नागरिकत्व दिलंत, त्या भरवशावर मी इथे वकिली केली, घर केलं, लग्न केलं, आता मागे कसं घेता? १९२६ ला ते अपिलात जिंकले, आणि सरकारने बाकीच्या केसेस गुंडाळल्या. डोकं! थिंडना पण शेवटी १९३६ ला नागरिकत्व मिळालं, माजी सैनिक म्हणून. आणि गंमत ऐका, १९७० च्या अमेरिकन जनगणनेत भारतीय 'व्हाइट'मध्ये मोजले, १९८० ला 'एशियन इंडियन' असा वेगळा रकाना आला. माणसं तीच, रकाना बदलला.

मंगोलॉइडचं अजून वाईट. १८६६ मध्ये डॉक्टर लँग्डन डाउन यांनी एका आजारालाच 'मंगोल' नाव चिकटवलं. मंगोलियाने तक्रार केल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ ला ते टाकलं, आता डाउन सिंड्रोम म्हणतात. पण बाळाच्या कमरेवर-ढुंगणावर तो निळसर डाग असतो ना, आपल्याकडे कित्येक बाळांना असतो, त्याला डॉक्टर अजून 'मंगोलियन स्पॉट' लिहितात. मंगोलियाशी संबंध शून्य, त्वचेत खोलवर राहिलेलं रंगद्रव्य आहे, बहुतेकदा काही वर्षांत जातं.

आणि परीक्षावाल्यांनो, ती निग्रिटोपासूनची सहा वंशांची यादी मानववंशशास्त्रज्ञ बी. एस. गुहांची, १९३१ च्या जनगणनेवेळच्या मोजमापांवरची. प्रश्न आला तर लिहायचीच, पण 'गुहांच्या वर्गीकरणानुसार' असं लिहा, 'भारतात सहा वंश आहेत' असं ठोकून देऊ नका. आजचे संशोधक डीएनए बघतात आणि असे कप्पे पाडत नाहीत. तुमच्या नोट्समध्ये काय लिहिलंय ते कमेंटमध्ये टाका, भेटू.