निवृत्तीनंतरचा प्रवास : चाकांवरचे घर, की मोटार आणि मुक्काम?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नोकरीतून मोकळे झालेल्या माणसाच्या घरी पहिल्या काही महिन्यांतच पाहायच्या राहून गेलेल्या ठिकाणांची यादी निघते. नरसोबाची वाडी, पंढरपूर, अक्कलकोट आणि गाणगापूर ही नावे त्या यादीत असतातच. त्यांच्या जोडीला गोकर्ण, मुरुडेश्वर, शृंगेरी आणि बदामी-हंपी येतात, आणि मुले पुण्यात किंवा बंगळुरात असतील तर तिकडच्या फेऱ्याही आल्याच. आजवर हा प्रवास एसटीने, रेल्वेने किंवा घरच्या मोटारीने होत आला आणि रात्र लॉजवर, भक्तनिवासात नाहीतर नातेवाइकांकडे निघत आली. गेल्या काही वर्षांत मात्र या बेतात एक नवा पर्याय बोलला जाऊ लागला आहे. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय आतच असलेली गाडी, म्हणजे कॅराव्हॅन किंवा मोटरहोम, घ्यावी काय? आयुष्यभराची शिल्लक या प्रश्नात गुंतू शकते, म्हणून त्याची शांतपणे तपासणी व्हायला हवी.

ही कल्पना आपल्याकडे आली ती मुख्यतः अमेरिकेतून. मुलांकडे सहा महिने राहून आलेल्या आई-वडिलांनी ती तेथे पाहिलेली असते. तेथील कॅम्पग्राउंडवर प्रत्येक गाडीसाठी आखून दिलेली जागा असते. पुष्कळ ठिकाणी तिच्या कडेला 30 किंवा 50 अँपिअरच्या विजेचा खांब, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि मैलापाणी सोडण्याचे तोंड असते. गाडी लावायची, तीन जोडण्या करायच्या, की घर सुरू झाले. 62 वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना आणि तेथील कायम रहिवाशांना राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन पास 80 डॉलरला मिळतो, आणि अनेक सरकारी तळांवर त्या पासावर मुक्कामाचे भाडे निम्मे होते. थंडीचे महिने काढण्यासाठी उत्तरेकडची निवृत्त मंडळी गाडीसह ॲरिझोनासारख्या उबदार राज्यांत उतरतात आणि वसंत ऋतू येईपर्यंत तेथेच राहतात. त्यांच्या मोठ्या गाड्या एका लिटरमध्ये तीन-चार किलोमीटरच धावतात, पण महिनोन्महिने मुक्काम एकाच जागी असल्यामुळे तो खर्च त्यांना झेपतो. तेथे हा प्रकार रुजला तो गाडीच्या आतल्या सोयींइतकाच बाहेरच्या या व्यवस्थेच्या बळावर. आपल्याकडे गाडी आणता येते. ती व्यवस्था सोबत आणता येत नाही.

वाहनातच संसार घेऊन निघण्याची रीत मात्र आपल्याला मुळीच परकी नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सौंदत्तीच्या डोंगराकडे जाणारे रस्ते पाहावेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांबूच्या कमानी बांधून ताडपत्री ताणलेली असते; आत गवतावर जाजम, त्यावर वाकळा, कडेला पाण्याचे बॅरल, मागच्या फळीला बांधलेली सरपणाची मोळी आणि पुढच्या कोपऱ्यात देवीचा जग, म्हणजे टोपलीत बसवलेली यल्लम्माची मूर्ती. जागा मिळेल तेथे ट्रॉली उभी राहते, तीन दगडांची चूल पेटते, आणि आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळे त्याच ताडपत्रीखाली रात्र काढतात. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला आजही बैलगाड्या जातात. हा प्रवास दोघांना जमत नाही, कारण तेथे पाणी आणायला, चूल मांडायला आणि गाडीची राखण करायला दहा हात असतात. आज कॅराव्हॅनचा विचार करणारे बहुतेक जण नवरा-बायको असे दोघेच असतात, आणि ही सगळी कामे त्या दोघांनाच करावी लागतात.

आता पैशाकडे येऊ. उदाहरणासाठी गाडीची किंमत तीस लाख रुपये धरू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ठेवता येणारी कमाल रक्कमही 30 लाखच आहे, आणि एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या 8.2 टक्के दराने त्या रकमेवर दर तिमाहीला 61,500 रुपये, म्हणजे वर्षाला 2,46,000 रुपये व्याज हाती येते. त्यावर प्राप्तिकर लागू होऊ शकतो, हे खरे. पण दोन हजार रुपये भाड्याची खोली धरली, तर करापूर्वीच्या या व्याजात वर्षाला 123 रात्रींचे भाडे निघते. पाच वर्षांनी मुद्दल जसेच्या तसे परत मिळते, तर गाडीची किंमत त्या पाच वर्षांत बरीच उतरलेली असते. विमा, रस्ता कर, टायर आणि दुरुस्ती यांचा खर्च तर अजून धरलेलाच नाही.

इंधनाचेही तसेच. बाराशे किलोमीटरच्या फेरीत लिटरला 16 किलोमीटर देणारी मोटार 75 लिटर डिझेल घेते. नऊ किलोमीटर देणारी कॅराव्हॅन 133 लिटर घेते. लिटरला नव्वद रुपये धरले, तरी फरक पाच हजारांच्या वर जातो, म्हणजे लॉजच्या दोन-अडीच रात्री. खोलीचे भाडे वाचले या समाधानातून ही रक्कम वजा करावी लागते, आणि ती सहसा कोणी करत नाही.

पण आपल्या भागापुरता याहून मोठा मुद्दा अंतराचा आहे. बेळगावहून कोल्हापूर, पणजी आणि हुबळी ही तिन्ही शहरे साधारण शंभर ते सव्वाशे किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर, गोकाकचा धबधबा, सौंदत्ती, आंबोली, वाडी, जोतिबा ही सगळी ठिकाणे सकाळी निघून रात्री घरच्या गादीवर येण्यासारखी आहेत. अमेरिकेत एका उद्यानापासून दुसऱ्या उद्यानापर्यंत जायला दोन-दोन दिवस मोडतात. येथे तेवढ्या अंतरात दोन राज्यांतली डझनभर देवस्थाने होतात. मुक्कामाची गरजच कमी, आणि जेथे मुक्काम करायचा तेथे बहुधा कोणी मामेभाऊ किंवा विहीणबाई असतेच. आपल्या दारात गाडी लावून पाहुणे तिच्यातच झोपले, हे सीमाभागातल्या कोणत्याही यजमानाला रुचणार नाही.

एवढे सारे हिशेब मोटारीच्या बाजूने जात असतानाही कॅराव्हॅनची एक बाजू अशी आहे, जिच्यापुढे हे आकडे फिके पडतात. ती म्हणजे स्वच्छतागृह. साठीनंतर प्रवासाची आखणी देवळांवरून होत नाही, ती लघवीच्या वेळांवरून होते. प्रोस्टेटचा त्रास असलेले गृहस्थ आणि मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बाई सकाळपासून पाणी कमी पितात, कारण पुढे सोय कोठे मिळेल हे माहीत नसते. राष्ट्रीय महामार्गावर पेट्रोल पंप आणि हॉटेले तरी असतात. जांबोटीनंतर चोर्ला घाटाकडे किंवा चंदगडमार्गे आंबोलीकडे वळले की मैलोन्मैल जंगलच लागते. पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहतात; बायकांनी काय करायचे, याचा विचार आपल्या प्रवास-व्यवस्थेने कधीही गंभीरपणे केलेला नाही. त्यातून उन्हात पाणी न पिण्याने जे दुखणे उद्भवते, ते यात्रेचा थकवा म्हणून सोडून दिले जाते. स्वतःचे कमोड सोबत असल्यामुळे जी स्त्री दहा वर्षांनी प्रथमच लांबच्या प्रवासाला निर्धास्तपणे निघते, तिच्यासाठी व्याजाचा हिशेब अपुरा आहे. गुडघे मुडपता न येणाऱ्या, पथ्याचे जेवण लागणाऱ्या किंवा दुपारी तासभर पाठ टेकणे आवश्यक असणाऱ्या माणसाच्या बाबतीतही तेच म्हणावे लागेल.

मात्र या सोयीची दुसरी बाजू जाहिरातीत दाखवली जात नाही. लहान कॅराव्हॅनमध्ये कमोडखाली बहुधा सतरा-अठरा ते वीस लिटरची सरकती टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात. दोघांच्या वापरात ती दोन-तीन दिवसांत भरते. भरलेली टाकी वीस किलोच्या आसपास वजनाची होते. ती बाहेरच्या झडपेतून ओढून काढायची, हातात धरून योग्य शौचालयापर्यंत न्यायची, ओतायची, धुवायची आणि पुन्हा बसवायची. हे काम कोण करणार, हे घरातून निघण्यापूर्वी ठरलेले असावे. ती उघड्यावर ओतणे हा पर्यायच नाही. घटप्रभेच्या किंवा कृष्णेच्या काठी तर मुळीच नाही. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी वेगळ्या टाकीत साठते, तीही रिकामी करावी लागते.

विजेचे गणितही समजून घ्यावे. बारा व्होल्टच्या दोनशे अँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण 2,400 वॉट-तास ऊर्जा मावते. दिवे, पंखा, मोबाइल आणि छोटा फ्रीज तिच्यावर चालतात. एक टनाचा एसी लावला, तर ती दोन-अडीच तासांत संपते. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत विजयपुरात किंवा सोलापुरात रात्रभर थंड झोपायचे असेल, तर बाहेरून वीज घ्यावी लागते, आणि ती ज्या हॉटेलच्या आवारात मिळते त्याच्या वरच्या मजल्यावर खोल्याही असतात. पावसाळ्यात घाटमाथ्यावर पत्र्याच्या छतावर कोसळणारा आंबोलीचा पाऊस झोप लागू देत नाही.

गाडी चालवणार कोण, या प्रश्नाला निवृत्त जोडप्यांनी सर्वांत आधी उत्तर द्यायला हवे, आणि तोच सर्वांत शेवटी विचारला जातो. कायद्याची अडचण फार नाही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्र सरकारच्या 2004 च्या अधिसूचनेनुसार बिगर-परिवहन वाहनांत मोडते, आणि एकूण वजन 7,500 किलोच्या आत असेल, तर हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. खरी अडचण शरीराची आहे. मोतीबिंदू वाढू लागलेल्या डोळ्यांना समोरून येणाऱ्या दिव्यांचा झोत रात्री असह्य होतो. मान पूर्ण वळत नाही. प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. सवयीच्या मोटारीत हे भरून काढता येते. सहा मीटर लांब, उंच आणि जड गाडी चोर्ल्याच्या धुक्यात समोरच्या ट्रकला वाट देण्यासाठी मागे घेणे हे निराळे कौशल्य आहे, आणि ते बासष्टाव्या वर्षी नव्याने शिकावे लागते. ज्या घरात एकच जण गाडी चालवतो, तेथे त्याला परगावी चक्कर आली, तर दुसऱ्याला तेथून हलता येत नाही. बेळगावातल्या शहापूरच्या किंवा अनगोळच्या गल्लीत अशी गाडी वर्षाचे अकरा महिने उभी कोठे करायची, हे तर शेजाऱ्यांनाही विचारावे लागेल.

लॉजच्या प्रवासातही खोट आहे, ती झाकण्याचे कारण नाही. यात्रेच्या गावी खोली तिसऱ्या मजल्यावर मिळते आणि लिफ्ट बंद असते. पौर्णिमेला गाणगापुरात आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात जागा मिळणे दैवाधीन असते. कित्येक धर्मशाळांत कमोड नसते. पण यांतील बऱ्याच गोष्टींवर उपाय स्वस्त आहेत. औषधांच्या मोठ्या दुकानात घडी घालता येणारी कमोडची खुर्ची मिळते. ती डिकीत आडवी मावते आणि भारतीय पद्धतीच्या शौचालयावर ठेवता येते. तळमजल्याची खोली फोनवर नक्की करून घ्यावी, पौर्णिमा टाळून पंचमी-षष्ठीला निघावे, दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटरच धरावे आणि दिवस मावळण्याआधी मुक्कामाला पोहोचावे. बेळगावची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि विजेची छोटी शेगडी बरोबर असली, की पथ्याच्या माणसाचे एक वेळचे जेवण खोलीतच होते. लांबच्या टप्प्याला दिवसाच्या बोलीवर चालक घ्यायलाही संकोच करू नये.

अमेरिकी निवृत्तांकडून घेण्यासारखी गोष्ट, माझ्या मते, त्यांची गाडी ही नाही. एका जागी दीर्घकाळ राहण्याची त्यांची सवय ही आहे. तीन दिवसांत सात देवळे उरकण्याऐवजी गोकर्णात किंवा गाणगापुरात पंधरा दिवसांची खोली घ्यावी, तिचे भाडे रोजच्या दरापेक्षा बरेच कमी ठरवता येते, आणि तेथून मोटारीने आजूबाजूला फिरावे.

ज्यांच्या घरी वर सांगितलेली शारीरिक गरज खरोखरच आहे, त्यांनीही आधी गाडी भाड्याने घ्यावी. केरळ आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे आखली आणि चालकासह भाड्याने गाड्या देणारे व्यावसायिकही आता आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. ठरवण्यापूर्वी गाडी समक्ष पाहावी : पायरीची उंची गुडघ्याला झेपते काय, कमोडजवळ धरायला दांडी आहे काय, पलंगावरून रात्री दुसऱ्याला न ओलांडता उतरता येते काय, आणि कॅसेट रिकामी करण्याची जबाबदारी चालकाची की आपली, हे करारात लिहून घ्यावे. चालक रात्री कोठे झोपणार, हेही विचारावे. त्याच्यासाठी बहुधा लॉजची खोली घ्यावीच लागते, आणि तिचे भाडे आपल्या हिशेबात धरायचे असते. अशा एक-दोन फेऱ्या झाल्यावर, ज्या माणसासाठी हा सारा विचार चालला आहे, त्या आईला, पत्नीला किंवा पतीला एकटे बसवून विचारावे, कारण इतरांसमोर ज्येष्ठ माणसे सहसा होकारच देतात.