गुठळी सुटते तेव्हा

छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय, असं सांगत माणूस ग्रामीण रुग्णालयात येतो. अंगाला दरदरून घाम. सिस्टर ईसीजी काढतात. रेघ ठरावीक जागी वर उचललेली दिसते आणि डॉक्टरांना कळतं, हृदयाची एक रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडली आहे. कॅथलॅब, म्हणजे बारीक नळी घालून बंद रक्तवाहिनी उघडायची सोय, जिल्ह्याच्या गावी, अडीच-तीन तासांवर.

हाताशी असतात ती औषधं.

आधी ॲस्पिरिन. ही गोळी चावून खायची, म्हणजे लवकर भिनते. रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटू नयेत, हे तिचं काम. आणि अनेक घरांत जपून ठेवलेली सॉर्बिट्रेट? ती जिभेखाली ठेवली की रक्तवाहिन्या सैल होतात, दुखणं ओसरतं. पण गुठळी तिथेच असते. रक्तदाब आधीच उतरलेला असेल, तर सॉर्बिट्रेट घातही करते. दुखणं थांबलं म्हणून घरी थांबू नका.

गुठळी विरघळवणारं औषध सापडलं ते एका जंतूत. १९३३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम टिलेट यांना दिसलं, की घसा सुजवणारा स्ट्रेप्टोकोकस माणसाच्या रक्ताची गुठळी विरघळवतो. त्यातून आलं स्ट्रेप्टोकायनेज. हार्ट अटॅकमध्ये ते जीव वाचवतं हे ठाम सिद्ध व्हायला मात्र अर्धशतक गेलं. १९८८ चा आयसिस-२ अभ्यास: ४१७ रुग्णालयं, १७,१८७ रुग्ण. ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज, दोन्ही न मिळालेल्या शंभरांतले तेरा जण पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारानं दगावले. दोन्ही मिळालेल्यांत आठ. शंभरांमागे आणखी पाच माणसं वाचली!

स्ट्रेप्टोकायनेज तासभर सलाइनमधून चढवावं लागतं. शिवाय शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, म्हणून ते पुन्हा देत नाहीत. टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या दुसऱ्या औषधाचं तसं नाही. वजन पाहून एकच इंजेक्शन, पाच-दहा सेकंदांत शिरेतून. आता ते पुण्यातही बनतं.

त्याआधी डॉक्टर भराभर विचारतात: कधी मेंदूत रक्तस्राव झाला होता? इतक्यात ऑपरेशन? हे औषध नको तिथलंही रक्त वाहतं करू शकतं, म्हणून नातेवाइकांनी काही लपवू नये.

इंजेक्शन होतं. १०८ रुग्णवाहिका जिल्ह्याच्या वाटेला लागते. तासा-दीड तासानं पुन्हा ईसीजी. वर उचललेली रेघ निम्म्याहून खाली आलेली असते.