नऊ महिन्यांची चढाई

(कबड्डीच्या मॅटवरची चढाई, संथ गतीत)

चढाईला ३० सेकंद. त्यातलं हे अकरावं. डावा पाय बघा. मातीवर तो सरकला असता. मॅटवर बूट जागीच रुतला आणि अंग मात्र उजवीकडे वळलं. कुणी पकड केली नाही, कुणाचा हातसुद्धा लागला नाही. गुडघ्यातून ‘खट्’ आवाज आला, असं ही खेळाडू सांगते. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म.

डॉक्टर गुडघा जेमतेम वाकवून नडगी पुढे ओढतात. ती सरकते. उजव्या पायाची सरकत नाही. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून तिरकं बांधणारी दोरी, म्हणजे एसीएल, तुटली आहे. नुसती शिवून ती सहसा टिकत नाही, म्हणून नवी घालायची.

(ऑपरेशन थिएटर, बाजूचं टेबल)

ही नवी दोरी तिच्याच मांडीतली. मागच्या बाजूच्या दोन कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, काढल्या, त्यांना चिकटलेलं मांस खरवडलं, टोकं शिवली आणि मधोमध दुमडून चार पदर केले. जाडी मोजायला भोकांची पट्टी असते. ८ मिलिमीटरच्या भोकातून ही बेताची गेली.

आता दुर्बीण. पडद्यावर तरंगतोय तो धूर नव्हे, ड्रिलने उडालेला हाडाचा भुसा. दोन्ही हाडांत बोगदे पाडून दोरी ओढून घेतली. वर धातूचं बारीकसं बटण, खाली स्क्रू.

बाहेर आई विचारते, “झालं ना आता?”

(फिजिओथेरपी विभाग)

ऑपरेशन सगळ्यांना बघायचं असतं. इथं कुणी कॅमेरा आणत नाही, म्हणून आपण जरा थांबू. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची. मांडी हलतच नाही. स्नायू काम विसरलाय. फिजिओताई बोट ठेवतात: “इथं ताण येऊ दे गं.” तिसऱ्या खेपेला कातडीखाली काहीतरी थरथरतं.

नव्या दोरीला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. साधारण दीड ते तीन महिन्यांच्या काळात ती सगळ्यात कच्ची असते. नेमकी तेव्हाच सूज उतरते, दुखणं थांबतं आणि पाय मैदानाकडे वळतात. घाई केली की दोरी पुन्हा तुटू शकते, सांधाही लवकर झिजतो.

(सातवा महिना. जमिनीवर मोजपट्टी)

मैदानात उतरायला किमान नऊ महिने, आणि डाव्या पायाची उडी उजव्याच्या निदान ९० टक्के. एका पायावर उडी, त्याच पायावर उतरायचं. उजवा: १२० सेंटिमीटर. डावा: १०४.

“अजून नाही.” फिजिओताई टेप गुंडाळतात.